व्याख्येबाहेरचा आवाज

नीलू एवढी गप्प का आहे, असा प्रश्न त्या सकाळी शांभवीला पडला, तेव्हा नीलू घसा फोडून ओरडत होती.

शांभवी ओट्यापाशी आंबील ढवळत होती. खालच्या गल्लीतला भाजीवाला, वरच्या मजल्यावरच्या काकूंचं फोनवरचं बोलणं, शेजारच्या घरातल्या बातम्या, सगळं कधी नव्हे इतकं स्वच्छ ऐकू येत होतं. तिच्या कानामागे कातडीखाली बसवलेल्या यंत्राची नवी आवृत्ती आदल्या रात्री आपोआप उतरली होती. ही तर कमालच आहे, असं ती मनाशी म्हणत होती, तोच महांतेश अर्धी अंघोळ टाकून ओल्या अंगाने स्वयंपाकघरात आला.

"अगं, किंचाळायलीय की ती. लक्ष कुठाय तुझं?"

शांभवी वळली. नीलूचा पाय चाकाच्या खुर्चीत अडकला होता. चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा ताठलेल्या, तोंड उघडं. त्या उघड्या तोंडातून काहीही येत नव्हतं. महांतेशने पाय सोडवला. घोट्यावरची कातडी सोलून निघाली होती.

"आवाज काढत होती?" शांभवीने विचारलं.

महांतेशने तिला तो सोललेला घोटा दाखवला.

नीलांबिका चौदा वर्षांची होती. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळे हात, पाय, मान, जीभ यांतलं काहीच तिच्या हुकमात नव्हतं. बुद्धीला मात्र धक्का लागलेला नव्हता. हे फक्त शांभवी जाणत होती, कारण नीलूची भाषा फक्त तिलाच कळे. त्या भाषेत अक्षरं नव्हती. घशातून ओढलेले, नाकातून सोडलेले, चढते-उतरते हेल होते. परक्याला ते कण्हणं वाटे. शांभवीला त्यात पाणी, कूस बदल, पंखा बंद कर, आज शाळेतली ती बाई का आली नाही, बाबांनी दाढी केली नाही वाटतं, इथपर्यंत सगळं ऐकू येई. चित्रांचे तक्ते करून पाहिले होते, डोळ्यांच्या हालचालीवर चालणारं यंत्रही आणून पाहिलं होतं. पण नीलूची नजर एका जागी ठरत नसे. तिच्यापाशी आवाज होता आणि आई होती, एवढंच.

नीलू नऊ वर्षांची असताना शांभवीला मेंदूज्वर झाला. ती वाचली, पण दोन्ही कानांच्या नसा गेल्या. एक सबंध वर्ष मुकं गेलं. महांतेश पाटीवर लिहून बोलायचा आणि नीलू नुसती आईच्या तोंडाकडे बघत राहायची. मग हे यंत्र आलं.

निरोगी कानात आवाज टिपणाऱ्या हजारो सूक्ष्म पेशी असतात. कानाची नसच मेली, तर मेंदूच्या देठावर थेट विजेची टोकं बसवतात, पण तिथे जागाच इतकी कमी, की मोजकीच टोकं मावतात. म्हणजे समुद्राचं पाणी चमच्याने भरायचं. चमच्यात काय घ्यायचं आणि काय सांडू द्यायचं, हे यंत्रातला प्रोग्राम ठरवतो. जुन्या आवृत्त्या सरसकट सगळंच ओबडधोबड पुढे ढकलत. त्यातून अर्थ शोधायला मेंदू काही महिन्यांत शिके, तशी शांभवीही शिकली होती, आणि नीलू तिला परत मिळाली होती. नवी आवृत्ती मात्र हुशार होती. असंख्य माणसांचं बोलणं ऐकून ती शिकली होती. येणाऱ्या आवाजातून ती माणसाचं बोलणं तेवढं शोधून काढी, ते घासूनपुसून मेंदूकडे पाठवी, आणि उरलेलं गोंगाट म्हणून टाकून देई.

नीलूचा आवाज त्या उरलेल्यात गेला होता.

मिरजेतल्या श्रवणतज्ज्ञ डॉ. निखत मुजावर यांनी दुसऱ्याच दिवशी ते पडद्यावर दाखवलं. शांभवीच्या फोनमध्ये नीलूचं बोलणं पुष्कळ साठवलेलं होतं, त्यातलं थोडं त्यांनी वाजवलं. पडद्यावर वरची रेघ, म्हणजे खोलीतला आवाज, उंच उसळत होती. खालची रेघ, म्हणजे शांभवीच्या मेंदूत जाणारा आवाज, सपाट होती.

"बाकी तपासणीत तुम्हाला पैकीच्या पैकी गुण आहेत," निखतबाई म्हणाल्या. "कंपनीच्या दृष्टीने तुम्ही एकदम बऱ्या झालात."

"मागची आवृत्ती घाला परत."

"माझ्या हातात फक्त हा पडदा आहे. आतलं दार कंपनीचं."

कंपनीचं नाव श्रवणिका. तिथल्या ग्राहकसेवेतले गृहस्थ पडद्यावर आले, ते खरोखरच सभ्य होते. त्यांनी शांभवीचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, आमच्या प्रणालीत मानवी वाणीची एक व्याख्या आहे. आपल्या कन्येचे ध्वनी त्या व्याख्येत बसत नाहीत."

"मग व्याख्या बदला."

"ती सगळ्या वापरकर्त्यांसाठी एकच असते."

"मग निदान जुनं परत द्या. त्यात ऐकू येत होतं."

"जुन्या आवृत्तीत सुरक्षिततेच्या उणिवा निघाल्या. ती आम्ही कायमची मागे घेतली आहे."

"हे कुठं आणि कसं ठरतं, तेवढं तरी डॉक्टरांना दाखवा. त्या बघून काही करतील."

"ते उघड करता येत नाही. ते कंपनीचं गुपित आहे."

"माझ्या डोक्यात बसवलंय ते."

"यंत्र आपलंच आहे, मॅडम. प्रणाली मात्र आपली नाही. ती वापरायची आपल्याला परवानगी आहे."

शांभवी मिरजेच्या न्यायालयात लघुलेखक होती. साक्षी आता यंत्रच उतरवून घेई, पण माणसाच्या कानाने पडताळल्याशिवाय त्या ग्राह्य धरायच्या नाहीत असा नियम होता, आणि ते पडताळणं तिच्याकडे होतं. नव्या आवृत्तीनंतर तिचं काम इतकं चोख झालं, की न्यायाधीशांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. अनोळखी माणसांचा शब्दन्‌शब्द तिला ऐकू येई. दुभाष्याची कुजबुज, आरोपीने वकिलाच्या कानात सांगितलेलंसुद्धा. घरी आलं की नीलूचं तोंड हले आणि काचेआडून पाहावं तसं दिसे.

महांतेशने शिकायचं ठरवलं. तो बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होता, गाड्यांच्या घोषणा त्याच्याच आवाजात होत. आवाजाची त्याला चांगली जाण होती. नीलूशेजारी स्टूल घेऊन तो बसे, तिने काढलेला हेल मन लावून ऐके आणि शांभवीला तसाच काढून दाखवी. पहिल्यांदा त्याने तसं केलं, तेव्हा "ऐक हं, ती म्हणतीय" इथपर्यंत शांभवीला स्वच्छ ऐकू आलं. पुढे त्याचे ओठ हलत राहिले आणि आवाज तुटला. नक्कल जितकी हुबेहूब जमे, तितका तो तिच्या कानातून नाहीसा होई. तो आशेने तिच्या तोंडाकडे बघत होता.

"पुन्हा करा," ती म्हणाली. त्याने पुन्हा केलं. मग तिने 'नाही' म्हणून मान हलवली, आणि तो स्टूल उचलून बाहेर गेला.

त्यानंतरच्याच आठवड्यात ते झालं. शांभवी घरी होती. दुपारी नीलूजवळच पलंगावर बसून ती साक्षीचे कागद वाचत होती. नीलू अंग आवळून घेत होती, पण तसं ती थकल्यावरही करे. शांभवीने तिच्या पोटाला तेल चोळलं, कुशीवर वळवलं, कपाळावरून हात फिरवला. संध्याकाळी महांतेश आला. जिन्यातूनच त्याला ऐकू आलं आणि तो धावतच वर आला. नीलूच्या आतड्याला पीळ पडला होता. दुपारभर ती आईच्या अगदी जवळ पडून तेच सांगत होती.

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "दुपारी आणली असती, तर एवढं आतडं काढावं लागलं नसतं." ते ओरडून बोलले नाहीत, सहज सांगावं तसं बोलले. शांभवीला प्रत्येक शब्द ऐकू आला.

घरी आणल्यावर नीलूने बोलणं सोडलं. हे शांभवीला कळणार कुठून? ती महांतेशला विचारे, "काही म्हणाली?" तो "नाही" म्हणे. ती पुन्हा संध्याकाळी विचारे. पुढे पुढे तो उत्तरही देईना. नीलूला भरवलं तर ती गिळे, कूस बदलली तर बदलू दे. नजर भिंतीकडे. एकदा शांभवीने तिचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला आणि ती म्हणाली, "बोल गं माझ्याशी." नीलूने डोळे मिटून घेतले.

त्या काळात शांभवीच्या मनात भलतेच विचार येत. आपण मेंदूज्वरातच गेलो असतो तर नीलूने आशा तरी सोडली असती, असं वाटे. कानामागची कातडी उकरून ते यंत्र उपटून काढावं असं वाटे, आणि एकदा नखांनी तिने तिथे रक्त काढलंही.

जखमेवर पट्टी लावताना निखतबाई हळूच म्हणाल्या, "डॉक्टर म्हणून मला हे बोलता येत नाही. म्हणून नुसतं नाव सांगते. वसईचे विल्सन डाबरे. पुढचं तुम्ही आणि ते."

विल्सन डाबरे हे तापात ऐकणं गेलेले, महाविद्यालयात संगणक शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्याही डोक्यात श्रवणिकाचंच यंत्र होतं, पण आत चालणारा प्रोग्राम वेगळा. तो जगभरच्या अशाच माणसांनी मिळून लिहिला होता. त्याचं नाव 'मोकळा कान'. शांभवी, महांतेश आणि नीलू वसईला पोचले तेव्हा विल्सन आपल्या केळीच्या बागेत होते. नीलूची खुर्ची त्यांनी स्वतः ओट्यावर चढवून घेतली आणि आधी तिच्याशीच बोलले. नीलूने पाहिलं नाही.

"मला समुद्र ऐकायचा होता," ते शांभवीला म्हणाले. "कंपनीच्या लेखी समुद्र म्हणजे गोंगाट. विनंत्या केल्या. मग म्हटलं, विनंती कशाला करायची? कान माझा आहे."

"तुमचा प्रोग्राम कंपनीपेक्षा चांगला आहे का?"

"नाही. खोटं कशाला सांगू? त्यांचा फार सरस आहे. माणसाचं बोलणं माझ्यात खडबडीत येतं, गर्दीत तर कळतच नाही. आता तुम्ही बोलताय ते मी निम्मं ओठांवरून वाचतोय."

"मग लोक हा घेतात कशाला? फुकट मिळतो म्हणून?"

विल्सन हसले. "सगळे हेच समजतात. मुक्त म्हणजे फुकट नव्हे, बाई. विकत दिला तरी तो मुक्तच राहील, आणि कंपनीने त्यांचा उद्या फुकट वाटला तरी तो बंदिस्तच राहील. फरक असा, की माझा प्रोग्राम हवा तसा चालवा. उघडून वाचा. स्वतःला येत नसेल तर येणाऱ्याकडून वाचून घ्या. पटला नाही तर बदला. आणि बदललेला दुसऱ्या कुणाला द्या. या चारही गोष्टींना कुणाची परवानगी लागत नाही. कंपनीच्या प्रोग्रामपाशी तुम्ही पाहुण्या आहात. पाहुणचार कितीही चांगला असला, तरी भिंत पाडायची म्हटली की घरमालकाला विचारायचं."

मग त्यांनी धोके सांगितले. या यंत्रात देखभालीसाठी ठेवलेली एक जुनी वाट लोकांनी शोधून काढली होती. तिथून आत शिरता येतं, पण कंपनीची किल्ली पुसली जाते. ती पुन्हा बसत नाही. आवडलं नाही म्हणून परत फिरता येत नाही. अर्धवट झालं तर यंत्र मरतं, आणि देठावरची टोकं काढून दुसरी बसवणं जिवावरचं काम. डॉ. मुजावरांना पुढे या यंत्राला कायद्याने हात लावता येणार नाही.

"आणि साक्षी पडताळणं?" शांभवीने विचारलं.

"ते विसरा."

महांतेश उठून ओट्याच्या टोकाला गेला. शांभवी त्याच्यामागे गेली.

"अहो, बोला काहीतरी."

"काय बोलू? बोललेलं ऐकायला येणार नाही म्हणून आत्ताच बोलून घेऊ?" त्याचा आवाज, रोज बसस्थानकावर घुमणारा तो भरदार आवाज, तिच्या कानात अगदी जवळ, दुधासारखा स्वच्छ येत होता. "ते एक वर्ष आठवतंय मला, शांभवी. पाटी घेऊन फिरायचो मी. भांडायचं म्हटलं तरी लिहायला लागायचं. लिहून होईपर्यंत राग जायचा आणि नुसतं एकटेपण राहायचं. मला परत तिथं जायचं नाही."

"नीलू तिथंच आहे. जन्मापासून."

"मी शिकीन तिचं बोलणं. वेळ दे मला."

"ती बोलायचीच थांबलीय, अहो. आता कशावरून शिकणार?"

"हो म्हण म्हणून मला सांगू नकोस," तो म्हणाला. "नको म्हणणार नाही. एवढंच होईल माझ्याच्यानं."

विल्सनच्या खोलीत खिडकीतून ऊन येत होतं. शांभवीच्या कानामागे त्यांनी चकतीसारखं गुंडाळलेलं तारेचं वेटोळं चिकटवलं. समोरच्या खुर्चीवर महांतेश होता, त्याच्या शेजारी नीलू. शांभवी त्याला म्हणाली, "काहीही बोलत राहा." तो गाड्यांची नावं घ्यायला लागला. सांगली, तासगाव, विटा. कोल्हापूर, जयसिंगपूरमार्गे. पंढरपूरच्या गाडीवर त्याचा आवाज तुटला.

मग काहीच नव्हतं. बहिरेपणाला शांतता म्हणतात, पण ती शांतता नसते. जगाने पाठ फिरवल्यासारखं ते असतं. शांभवीने नीलूचा हात धरला आणि तो सुटू दिला नाही.

आणि मग एकदम धडधडाट. पत्र्यावर खडी ओतावी तसा. पंखा, बागेतल्या पाटाचं पाणी, झाडावरचे कावळे, खुर्ची सरकल्याचा आवाज, सगळं एकाच मापाने अंगावर आलं. तिने डोकं दाबून धरलं. महांतेशचे ओठ हलत होते, आणि त्या खडीत त्याचा आवाज कुठला ते तिला निवडता येईना.

विल्सननी फोनमधलं नीलूचं जुनं बोलणं लावलं. ऐकता ऐकता पडद्यावर ते एकेक आकडा बदलत गेले. इकडची छाननी सैल, तिकडची घट्ट. नाकातल्या सुराला जागा, ओढलेल्या हेलाला जागा. संध्याकाळ व्हायच्या आत त्या खडीत काहीतरी हललं. फाटक्या पत्र्यासारखा, पण चढत जाणारा एक हेल. कूस बदल. जुन्या नीलूची जुनी मागणी. शांभवी हुंदके देऊन रडली. खुर्चीतली नीलू स्वतःचा आवाज ऐकत होती आणि खिडकीकडे बघत होती.

मिरजेला परतल्यावर शांभवीने नोकरी सोडली. बाजारात ती बोट दाखवून भाजी घेऊ लागली. वरच्या काकूंनी तिच्याशी बोलणं कमी केलं. महांतेश शब्द तोडून, मोठ्याने बोले. एखाद-दुसरा तिला कळे. मग तो दमे. पाटी पुन्हा बाहेर निघाली. आणि ज्या मुलीसाठी हे सगळं केलं, ती तोंड उघडत नव्हती. "मला ऐकू येतंय आता, नीलू," असं शांभवी तिला पुन्हा पुन्हा सांगे. आईने आधीही अशीच मान हलवत, हसत, काहीही न ऐकता तिला उत्तरं दिली होती. नीलूने विश्वास का ठेवावा?

एका सकाळी शांभवी नीलूच्या मागे बसून तिचे केस विंचरत होती. नीलूचा चेहरा तिला दिसत नव्हता. पंख्याच्या घरघरीत एक अगदी बारीक, चोरटा सूर आला.

"टोचतीय का? थांब, दुसरी फणी घेते," शांभवी सहज म्हणाली, आणि म्हटल्यावर तिचा हात जागीच थांबला.

नीलूही थांबली. मग आणखी बारीक, जवळजवळ श्वासाएवढा सूर.

"दार? दार लावू?" शांभवी उठली. "लावते. बोल."

आणि नीलू फुटली. मान मागे टाकून, सगळं अंग ताठ करून ती बोलायला लागली. तो आनंद नव्हता. तिने पायाचं सांगितलं, पोटाचं सांगितलं. दुपारभर मी ओरडत होते, तू कागद वाचत होतीस. तू तेल लावलंस. तू हसलीस माझ्याकडे बघून. मला वाटलं तूच ऐकायचं बंद केलंस, मुद्दाम. तुला दुसऱ्यांचं ऐकायला आवडतं. मी मेले असते तरी तू हसत बसली असतीस. फाटका, खरखरीत, निम्मा खडीत बुडालेला तो आवाज शांभवी जीव कानात आणून ऐकत राहिली. मध्ये एकदाही तिने "तसं नव्हतं गं" म्हटलं नाही. जे कळलं नाही ते पुन्हा विचारलं, आणि नीलूने ते पुन्हा, अधिक रागाने सांगितलं. दुपार झाली तरी ती बोलतच होती.

नीलूच्या आवाजासाठी केलेली आकड्यांची बांधणी विल्सननी तिला विचारून 'मोकळा कान'मध्ये सगळ्यांसाठी घातली. काही दिवसांनी इंफाळच्या एका बापाचा निरोप आला. त्याचा मुलगाही असाच बोलतो. त्याने नीलूच्या बांधणीत मुलाच्या आवाजापुरता बदल केला होता, आणि तो बदल परत पाठवला होता. विल्सननी तो शांभवीच्या यंत्रात घातला, तेव्हा नीलूचे खालचे सूरही थोडे उजळले.

महांतेशचा आवाज मात्र खडीतच राहिला. त्याचा सूर नेमका त्या पट्टीत होता, जी नीलूच्या सुरांना जागा करताना दाबावी लागली होती. विल्सन म्हणत, होईल, कुणीतरी करेल, आपणच करू. कधी, ते मात्र त्यांना सांगता येत नव्हतं.

एकदा जेवणं झाल्यावर महांतेश मोरीपाशी पाठमोरा भांडी घासत होता. नीलू शांभवीकडे बघून काहीतरी म्हणाली.

"काय गं?"

नीलूने पुन्हा सांगितलं. बाबा बोलतायत.

"कोणाशी?"

तुझ्याशी. रोज बोलतात, भांडी घासताना. तुला कळत नाही म्हणून.

शांभवीने महांतेशच्या पाठीकडे पाहिलं. तिला नुसता पाण्याचा आणि भांड्यांचा एकसारखा खडखडाट ऐकू येत होता. "काय म्हणतात?"

नीलूने ऐकलं. बाबांचा एकेक शब्द ती आपल्या हेलात ओढून, तोंड वेडंवाकडं करत, आईपर्यंत आणू लागली. तिला वेळ लागत होता. म्हणतात, आज एक म्हातारी स्थानकावर चुकली. म्हणतात, मी दमलोय. म्हणतात, शांभवी, माझं कधी ऐकशील.

शांभवी उठली. तिने नीलूची खुर्ची मोरीपाशी नेली आणि नळ बंद केला. महांतेश दचकून वळला, त्याचे हात साबणाने भरलेले होते.

"बोला," ती म्हणाली. "सावकाश बोला. ही सांगेल मला."